शिकारी चाकूची धार पुन्हा पुन्हा का उतरते आणि ती लावण्याची पद्धत कशी निवडावी

आठवडी बाजारातून धार लावून आणलेला चाकू पहिल्या दिवशी कागद सरसर कापतो, दुसऱ्या दिवशी बोकडाच्या कातड्यावर घसरू लागतो आणि पुढचा बाजार येण्याआधीच पुन्हा बोथट होतो, ही तक्रार विदर्भातील खेड्यांत वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत सारखी ऐकू येते. तिच्यावर सहसा दोनच उपाय सुचवले जातात, एक तर दगड बदलावा किंवा चाकूच बदलावा. हे दोन्ही उपाय बहुतेक वेळा निष्फळ ठरतात, कारण धार कशामुळे गेली हे पाहिल्याशिवाय ती कशाने लावावी हे ठरवता येत नाही. दुमडलेली धार, झिजलेली धार, दाते पडलेली धार आणि पोलादाचे पाणी, म्हणजे तापवून आणि बुडवून आणलेला कठीणपणा, उतरल्यामुळे टिकेनाशी झालेली धार या चार वेगवेगळ्या अवस्था आहेत, आणि एका अवस्थेवर उपयोगी पडणारा उपाय दुसरीत नुकसान करू शकतो.

शिकारी चाकू म्हणून बाजारात मिळणारे हत्यार साधारणपणे चार ते पाच इंच लांबीच्या, न मिटणाऱ्या पात्याचे असते आणि त्याची पाठ तीन ते चार मिलिमीटर जाड असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे आता शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, परंतु चाकूचा तो घाट टिकून राहिला, कारण बोकड सोलणे, मामा (माजी मालगुजारी) तलावातील रोहू किंवा मरळ साफ करणे, बांबूची कामटी काढणे, दोर आणि पोती कापणे अशा अनेक कामांना तो सोयीचा असतो. एकाच चाकूकडून ही सगळी कामे करून घेतली जातात, आणि धार वारंवार जाण्याचे निम्मे कारण याच सवयीत दडलेले आहे.

धार कशी गेली ते आधी पाहावे

चाकू स्वच्छ धुऊन, पुसून, धार वरच्या बाजूस करून उन्हात किंवा बॅटरीच्या प्रकाशात धरावा आणि हळूहळू कलवत पाहावा. चांगली धार अशा वेळी डोळ्याला दिसत नाही, कारण तिची जाडी एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते आणि तेवढ्या अरुंद काठावरून प्रकाश परत येत नाही. मुठीपासून टोकापर्यंत एक बारीक चकचकीत रेघ दिसली तर धार सरळ झिजलेली आहे. रेघ नसून मधूनमधून ठिपके चमकत असतील तर तेथे दाते पडलेले आहेत. रेघही नाही आणि ठिपकेही नाहीत, पण चाकू कापत मात्र नाही, अशा वेळी धार बहुधा एका बाजूला दुमडलेली असते. ती ओळखण्यासाठी बोटाचे पेर पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेरच्या दिशेने, अलगद ओढून पाहावे. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बोटाला अडखळल्यासारखे लागले तर निदान पक्के झाले. बोट धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये.

बोटापेक्षा भरवशाची कसोटी आपल्याकडे घरोघरी मिळते. सरकी काढलेल्या कापसाचा सैल पुंजका पाठीकडून धारेकडे, दोन्ही बाजूंनी, अलगद ओढावा. जेथे काठ दुमडलेला किंवा फाटलेला असेल तेथे कापसाचे तंतू अडकून राहतात, आणि त्यामुळे दोष नेमका किती लांबीचा आहे हेही कळते.

चौथी अवस्था, म्हणजे पाणी उतरलेले पाते, नजरेने नेहमीच ओळखता येत नाही. तिच्यासाठी चांगली धारदार कानस घेऊन तिचा एक कोपरा धारेजवळच्या उतारावर अगदी हलक्या हाताने टेकवून पुढे सरकवावा. पोलाद कठीण असेल तर कानस काचेवरून जावी तशी घसरते, मऊ असेल तर ती पकडते आणि चुरा काढते. बाजारातील साध्या स्टेनलेस चाकूंवर कानस मुळातच थोडी पकडते. म्हणून ही परीक्षा त्याच पात्यावर दोन ठिकाणी, म्हणजे धारेजवळ आणि मुठीजवळच्या न घासलेल्या भागावर, करून दोन्हींतील फरक पाहावा.

पहिल्याच दिवशी जाणारी धार

लावल्याबरोबर अत्यंत तीक्ष्ण वाटणारी आणि थोड्याच कामानंतर नाहीशी होणारी धार ही सर्वाधिक आढळणारी तक्रार असून तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते. दगडावर एका बाजूने पाते घासले जाते तेव्हा काठावरचे पोलाद झिजता झिजता इतके पातळ होते की ते घासले जाण्याऐवजी पलीकडे वळते आणि तेथे एक सूक्ष्म किनार तयार होते. कारखान्यांत आणि आयटीआयच्या कार्यशाळेत तिला बर म्हणतात. ही किनार स्वतः अतिशय तीक्ष्ण असते, त्यामुळे कागद कापून पाहणाऱ्याला धार उत्तम लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो कागद धारेने कापला जात नसून तिला चिकटून राहिलेल्या, बळ नसलेल्या तुकड्याने कापला जात असतो. चिवट कातडे किंवा लाकूड समोर आले की तो तुकडा दुमडतो किंवा तुटून पडतो आणि मागे खरबरीत, बोथट काठ उरतो.

यावर दगड बदलण्याची गरज नसते, क्रम सुधारण्याची असते. एका बाजूने घासताना पलीकडच्या बाजूस ही किनार मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत घासत राहावे. ती मध्येच खंडित असेल तर त्या जागी दगड अद्याप काठापर्यंत पोहोचलेला नाही असे समजावे. मग बाजू बदलून तेच करावे. येथपर्यंत सर्वजण व्यवस्थित येतात आणि येथेच थांबतात, ही खरी अडचण आहे. यानंतर दाब निम्म्यावर आणून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने घासावे, पुढे पुढे तो इतका कमी करावा की शेवटी दगडावर केवळ चाकूचेच वजन राहील. शेवटचे काही फेर धार पुढे ठेवून, म्हणजे दगडावरचा पातळ थर कापायचा असल्याप्रमाणे, आणि कोन किंचित वाढवून द्यावेत. त्यानंतर कापसाच्या पुंजक्याने पुन्हा पाहावे. तंतू अडकत असतील तर त्या बाजूने आणखी दोन-तीन हलके फेर द्यावेत.

उरलीसुरली किनार चामड्यावर जाते. जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा खरबरीत बाजू वर ठेवून सपाट फळीवर चिकटवला की काम भागते. रेक्झिनचा पट्टा चालत नाही. स्टीलची भांडी चमकवण्यासाठी वापरली जाणारी पॉलिशची हिरवी वडी, जिच्यात क्रोमियम ऑक्साइड असते, त्या चामड्यावर खडूसारखी घासावी. चाकू चामड्यावर नेहमी पाठ पुढे ठेवून ओढावा, धार पुढे आली तर चामडे कापले जाईल. प्रत्येक बाजूने दहा-पंधरा वेळा पुरे. चामड्यावर जोर दिल्यास ते दबते आणि धारेभोवती वर येऊन तिला गोल करते, म्हणून येथेही हात हलकाच हवा.

खाटकांच्या हातात दिसणारी पोलादी कांडी याच्याशी संबंधित, पण वेगळे काम करते. ती पोलाद फारसे काढत नाही, वाकलेला काठ सरळ करते. मऊ पोलादाच्या सुऱ्या दिवसभर चालवणाऱ्याला ती अत्यावश्यक आहे. आपल्या चाकूचे पोलाद फार कठीण असेल तर मात्र कांडीवर घासल्याने काठाचे बारीक तुकडे उडू शकतात.

यंत्रावर धार लावल्यानंतर टिकेनाशी झालेली धार

ज्यांचा चाकू पूर्वी महिनाभर टिकायचा आणि अलीकडे आठवडाही टिकत नाही, त्यांनी तो मधल्या काळात विजेच्या सराणेवर लावून घेतला होता का, हे आठवून पाहावे. आपल्याकडील विजेवर चालणारे दोन चाकांचे ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. चाक सहा इंचांचे असेल तर त्याचा काठ सेकंदाला साधारण २२ मीटर वेगाने पात्यावरून जातो. जाड पहार किंवा कुऱ्हाड ही उष्णता आत ओढून घेते. चाकूच्या धारेकडे तेवढे पोलादच नसते, त्यामुळे ती क्षणार्धात तापते, आणि पाते पाण्यात बुडवेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

लोहाराने पात्याला पाणी देताना पोलाद ठरावीक कठीणपणावर आणून सोडलेले असते. तो कठीणपणा उष्णतेने कमी होतो आणि किती कमी झाला हे साध्या पोलादावर रंगाने दिसते. सुमारे २०० ते २२० अंश सेल्सिअसला फिका पिवळा, २५० च्या पुढे तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग चढतो. पिवळ्या रंगापर्यंत चिंता नाही. धारेवर निळी झाक आली असेल तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, आणि त्या जागी कोणत्याही दगडाने, कितीही कौशल्याने धार लावली तरी ती वाकणारच. सराणवाला शेवटी पाते घासून चकचकीत करून देतो त्यामुळे रंग पुसला जातो, पण मऊपणा तसाच राहतो. म्हणूनच वर सांगितलेली कानशीची परीक्षा महत्त्वाची आहे.

सुदैवाने मऊ पडलेला भाग बहुधा काठापुरताच असतो. खरखरीत दगडावर, पाणी टाकत, हाताने घासत तो काढून टाकला की खालचे चांगले पोलाद लागते आणि धार पूर्ववत टिकू लागते. एका बैठकीत ते झाले नाही तरी पुढच्या दोन-चार वेळांत होते. मात्र मधल्या काळात पुन्हा यंत्रावर जाण्याचा मोह टाळावा लागतो, नाही तर हे चक्र कधीच थांबत नाही. सायकलला जोडलेले, पायाने फिरवायचे चाक पुष्कळ सावकाश फिरते आणि त्यावर पाण्याची धार सोडली असेल तर ते तितके धोक्याचे नसते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की विजेचे चाक टोक तुटलेल्या किंवा मोठे दाते पडलेल्या पात्याचा आकार दुरुस्त करण्यापुरतेच वापरावे, आणि तेही काठापासून थोडे अलीकडे थांबून. धार त्यावर लावूच नये. ठिणग्यांचा फवारा जितका मोठा तितके काम चांगले, अशी समजूत गावोगाव आहे, आणि चांगली पाती वाया जाण्यामागे तिचा मोठा हात आहे.

कोन

घासताना पाते दगडाशी किती अंशांवर धरले आहे यावर धारेचे आयुष्य ठरते. प्रत्येक बाजूने १५ अंश ठेवल्यास धार मासे साफ करण्यास उत्तम होते, पण बांबूच्या गाठीवर ती दुमडते. २५ अंशांवर ती हाडाचा धक्का सोसते, पण कातडे सोलताना जोर लावावा लागतो. शिकारी चाकूसाठी २० अंश हा मधला मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, आणि चाकूने प्रामुख्याने लाकूडकाम होत असेल तर २२ ते २५.

अंश मोजायला कोनमापकाची गरज नाही. २० अंशांसाठी पाठीचा मध्य दगडापासून पात्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश वर उचललेला असावा, १५ अंशांसाठी एक चतुर्थांश, आणि २५ अंशांसाठी दोन पंचमांशांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे पाते २५ मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी ही उंची साडेआठ मिलिमीटर येते. बांबूची तेवढ्या जाडीची कामटी तासून ठेवावी आणि सुरुवातीला, तसेच मधून मधून, पाठीखाली धरून हात पडताळावा. काही दिवसांत हाताला सवय होते.

आपण धरलेला कोन पात्यावरच्या जुन्या कोनाशी जुळतो का, हे पाहण्यासाठी धारेजवळचा उतार काळ्या मार्करने रंगवून दोन-तीन फेर द्यावेत. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ फार खाली आहे आणि दगड काठाला लागतच नाही. तासभर घासूनही धार येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडत असते. रंग फक्त काठावरचा गेला तर पाठ फार वर आहे. पूर्ण उतारावरचा रंग गेला की कोन जुळला.

याच्याशी निगडित आणखी एक दोष वर्षानुवर्षांच्या वापराने येतो. पाते दरवेळी काठाशीच घासले जाते, काठ हळूहळू पाठीकडे सरकतो आणि धारेमागचा भाग जाड होत जातो. अशा चाकूची धार कागदावर तीक्ष्ण असते, पण मांसात किंवा लाकडात शिरताना तो पाचरीसारखा अडतो, आणि वापरणारा धार गेली असे समजून पुन्हा तेच करतो. येथे कमी कोनावर, १२ ते १५ अंशांवर, खरखरीत दगडाने धारेमागचा खांदा उतरवावा लागतो आणि त्यानंतर २० अंशांवर काठ काढावा लागतो. हे काम कंटाळवाणे असले तरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा ते केल्यावाचून जुना चाकू नीट चालत नाही.

कोणता दगड

नदीतला किंवा बांधावरचा दगड घेऊन पाजवणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा अनुभव जागेगणिक वेगळा असण्याचे कारण जमिनीत आहे. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यात बहुतांशी काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, मिळतो. त्यातील खनिजांचा कठीणपणा मोहसच्या एक ते दहा या मापात साधारण साडेपाच-सहा असतो, तर पाणी दिलेले पोलाद सहा ते साडेसहाच्या आसपास असते. त्यामुळे काळा दगड पोलाद नीट कापू शकत नाही, तो घासून गुळगुळीत होतो आणि पातेही केवळ चकाकते. चंद्रपूर आणि नागपूरकडच्या कामठी पट्ट्यातील वाळूच्या दगडात मात्र गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि त्यांचा कठीणपणा सात असतो, म्हणून तो पोलाद काढतो. कण एकसारखे बारीक असतील तर त्यावर विळ्याला चांगली धार येते. चाकूसाठी तो सहसा जाडाभरडा पडतो. कुरुंदाचा कठीणपणा नऊ. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट यांच्यासोबत तो सापडतोही, पण आज दुकानात मिळणारे बहुतेक दगड कृत्रिम असतात: तपकिरी किंवा पांढरे ते अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे रासायनिकदृष्ट्या कुरुंदच, आणि काळे-करडे ते सिलिकॉन कार्बाइडचे, ज्यांना दुकानदार कार्बोरंडम म्हणतात.

खेड्यात राहणाऱ्या आणि एकच साधन घ्यायचे असलेल्या माणसाला मी हार्डवेअरच्या दुकानातील आठ इंची, दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड आणि त्याच्या जोडीला चामड्याची फळी सुचवीन. खरखरीत बाजू दाते पडलेल्या पात्यासाठी, बारीक बाजू नेहमीच्या धारेसाठी. सोलण्याच्या कामाला बारीक दगडावरची किंचित खरबरीत धार गुळगुळीत धारेपेक्षा अधिक चांगली चालते, कारण तिचे सूक्ष्म दाते कातड्याला आणि चरबीला पकडतात. लाकडावर दाबून कापायचे असेल तर पुढे १००० क्रमांकाचा दगड (क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक) उपयोगी पडतो. त्यापलीकडचे ३००० किंवा ६००० क्रमांकाचे दगड या चाकूसाठी अनावश्यक आहेत. वेगवेगळ्या देशांतील कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून एका क्रमांकावर विसंबून दोन कंपन्यांच्या दगडांची तुलना करू नये.

दगड वापरण्यापूर्वी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात तो फार लवकर कोरडा पडतो, त्यामुळे शेजारी पाण्याचे भांडे ठेवून वरचेवर शिंपडत राहावे, आणि दगडाखाली ओले फडके घालावे म्हणजे तो सरकणार नाही. काहीजण दगडावर तेल टाकतात. एकदा तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही, आणि ते तेल जवसाचे असेल तर दगड जवळपास निकामी होतो, कारण जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट थर बनते आणि दगडाची छिद्रे बुजवते. हाच गुण चाकूच्या लाकडी मुठीला मात्र उपकारक आहे. सागवानाच्या किंवा तिवसाच्या मुठीला जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात दिले की ती पावसाळ्यात कमी फुगते.

दगड वापरता वापरता मधोमध खोल होतो. अशा दगडावर कोन कितीही नीट धरला तरी पात्याचा काठ गोलाईत घासला जातो आणि धार मुठीजवळ एक, टोकाजवळ दुसरी अशी येते. दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा माराव्यात, सपाट फरशीवर १२० क्रमांकाचा काळा पॉलिश पेपर ठेवून त्यावर पाण्यात दगड घासावा आणि सर्व रेघा पुसल्या गेल्या की थांबावे. गावातील कित्येक घरांत चांगला दगड केवळ या एका कारणाने बदनाम होऊन कोपऱ्यात पडलेला असतो.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. काचेच्या तुकड्यावर पाण्याने चिकटवलेला काळा पॉलिश पेपर, ४०० आणि मग १०००, हा सर्वांत स्वस्त आणि पुरेसा चांगला पर्याय आहे, मात्र त्यावर चाकू नेहमी पाठ पुढे ठेवूनच ओढावा. हिऱ्याचे कण बसवलेली पत्र्याची पट्टी खोलगट होत नाही आणि डी-टू सारख्या, सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असलेल्या चिवट पोलादावर तिला तोड नाही. तिच्यावर दाब दिल्यास कण उखडतात. दोन पात्यांच्या खाचेतून चाकू ओढायचे छोटे प्लॅस्टिकचे साधन मी या चाकूसाठी टाळतो: ते पोलाद घासत नाही, ओरबाडते, कोन त्याचा ठरलेला असतो, आणि काठ फाटलेला राहिल्यामुळे धार पुन्हा लवकर जाते.

धार बरोबर लागूनही जात असेल तर

आता दोष दगडाकडे नसून वापराकडे आहे. बोकडाचे सांधे चाकूने मोकळे करावेत, हाड मात्र सत्तूर किंवा कोयत्यानेच तोडावे. चाकूखाली फरशी, स्टीलचे ताट किंवा कडप्पा असेल तर पहिल्याच घावाला काठ वाकतो. खाटीक चिंचेच्या खोडाचा आडवा कापलेला ओंडका वापरतात, कारण त्याचे उभे तंतू काठाला सामावून घेतात आणि चिंचेचे लाकूड सहजासहजी फाटत नाही. घरी निदान लाकडी पाट तरी असावा. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि ती पोलाद अक्षरशः घासते, म्हणून कामट्यांचे काम मोठे असेल तर त्यासाठी कोयता वेगळा ठेवणेच शहाणपणाचे. धुळीने माखलेली पऱ्हाटी, तुराटी आणि मातीची पोती यांच्या बाबतीतही तेच. मासे साफ करण्याआधी त्यांच्या खवल्यांतील रेती धुऊन टाकली तर धार किती जास्त टिकते हे करून पाहण्यासारखे आहे.

गंजाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. धारेचा काठ इतका पातळ असतो की रक्त, मीठ, लिंबू किंवा चिंच त्यावर रात्रभर राहिली तरी तो खाल्ला जातो, आणि चाकू न वापरताच बोथट झाल्यासारखा वाटतो. जून ते सप्टेंबर या काळात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात. म्यान प्रवासापुरते असावे. घरी चाकू पुसून, कोरडा करून, खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा अगदी पातळ हात देऊन कापडात गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा. ही दोन्ही तेले जवसाप्रमाणे वाळून घट्ट होत नाहीत.

लोहाराकडे केव्हा जावे

खरखरीत दगडाने काठ बराच मागे नेला, कानस तरीही सगळीकडे पकडते आणि धार दुमडतेच, असे झाले तर पाते पूर्ण लांबीत मऊ आहे असे समजून त्याला पुन्हा पाणी द्यावे लागते. हे फक्त साध्या पोलादाच्या पात्यांना लागू आहे. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या पाट्यापासून जे चाकू घडवतात त्यांत साधारण अर्धा ते सहा दशांश टक्के कार्बन असतो आणि ते भट्टीत नीट कठीण होतात. स्टेनलेस पात्याला एक हजार अंशांच्या वरचे, काटेकोर तापमान लागते आणि ते भात्यावर साधत नाही, त्यामुळे तसा चाकू मऊ निघाला तर त्याच्याकडून हलकीच कामे घ्यावीत.

लोहाराकडे जाताना मूठ काढून न्यावी आणि दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली, पाते लोहचुंबकाला चिकटणे थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांच्या थोडे पुढे, एकसारखे लाल करून ते पाण्यात नव्हे तर तेलात बुडवावे, कारण पाट्याचे पोलाद तेलात पुरेसे कठीण होते आणि चाकूसारखे पातळ पाते पाण्यात तडकू शकते. दुसरी, बुडवल्यानंतर ते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लगेच घासून उजळ करून फिका पिवळा रंग येईपर्यंत मंद आचेवर पुन्हा तापवावे आणि रंग तपकिरीकडे झुकू देऊ नये. घरी आणल्यावर पहिली धार २५ अंशांवर लावावी आणि आठवडाभर नेहमीची कामे करून काठाचे निरीक्षण करावे. दाते पडत नसतील तर पुढच्या खेपेला २० अंशांवर यावे, आणि दाते पडत असतील तर पाते त्याच लोहाराकडे नेऊन आणखी थोडे, गडद पिवळ्या रंगापर्यंत, उतरवून घ्यावे.